तीच गाडी, बॅटरीवाली

रामकिसनअण्णांची पेट्रोलची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, की तिची घरघर थेट स्वयंपाकघरात ऐकू यायची. मग सुंदरबाई गाणं अर्ध्यातच तोडायच्या, सून राजनंदिनी हसू आवरून डोक्यावर पदर ओढायची, आणि अण्णा उंबऱ्यात येईपर्यंत दोघी खाली मान घालून भाकरी थापत असायच्या.

दिवाळीला अण्णांनी त्याच मॉडेलची बॅटरीवाली गाडी घेतली. रंग तोच, दारं तीच. पहिल्याच दुपारी सुंदरबाई गवळण म्हणत होत्या, राजनंदिनी परातीवर ठेका धरत होती, आणि मागून अण्णा म्हणाले, "हे घर हाय का तमाशाचा फड?" गाडी कधी दारात येऊन थांबली, दोघींनाही कळलं नव्हतं.

तेव्हापासून अण्णा बीडला गेलेले असले, तरी सुंदरबाई गात नाहीत.

परवा लिंबागणेशचे पाहुणे आले. गाडीभोवती फिरून, मागचं झाकण उघडून म्हणाले, "अण्णा, बॅटरीपायी डिक्कीत जागाच ऱ्हाईली न्हाई की."

 

अण्णा हसले. "जाऊ द्या हो. आवाज तर बंद झाला ना."