मोटारीतला गार हात

डॉक्टर सरोजिनीबाईंनी ती मोटार जुनीच घेतली होती. नऊ वर्षं ती सोलापूरच्या आसपासची गावं फिरली. मैलांचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले, पण वाटेत ती कधी अडली नाही.

फक्त मागं आजारी माणूस निजवलं, की ती एका बाजूला जराशी खचायची. उशाशी आणखी कुणी येऊन बसावं तशी. गुंडा ड्रायव्हरनं दोनदा स्प्रिंगा बदलल्या. मग म्हणाला, "असू द्या बाई. त्याचा तरास काय न्हाय की."

त्या दुपारी बाई मोहोळजवळच्या वस्तीवरून मायाक्काला दवाखान्यात आणत होत्या. बाळ आडवं आलं होतं. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता. मागची सगळी सीट मायाक्काला लागली, म्हणून बाई औषधांची पेटी मांडीवर घेऊन पुढं बसल्या.

बराच वेळ ती कण्हत होती. मग कण्हणं थांबलं. बाईंनी पुढूनच हाक मारली.

"मायाक्का?"

"हाय की," मागून शांत आवाज आला. "तुमी हात धरलाय, तवापासनं बरं वाटतंय. लई गार हाय तुमचा हात."

बाईंचे दोन्ही हात पेटीवर होते. त्यांनी वळून पाहिलं. मायाक्काचे डोळे मिटलेले होते. तिचा हात हवेत उचललेला होता आणि मनगटावर बोटं रुतल्यासारखे चार खळगे पडले होते.

"सोडू नगा," ती म्हणाली.

बाईंचे हात पेटीवरच राहिले. तरी त्या म्हणाल्या, "नाही सोडणार."

तेव्हा ते खळगे हळूहळू हलू लागले, कुणी थोपटावं तसे.