खुणेच्या फिती

डोंगरातल्या शर्यतीत सासूबाई सगळ्यांत शेवटी होत्या. शेवटच्या धावपटूमागून येत झाडांवरच्या खुणेच्या फिती काढायचं काम सुनेकडे होतं. अर्ध्या चढावर सासूबाईंनी बसकण मारली.

"पाय बोलायला लागलेत गं. मी आपली मागे फिरते."

"कशा फिराल, आई? मागच्या फिती मी काढल्यात. आता वाट फक्त पुढेच."

सुनेला मनातल्या मनात चार शब्द सुनावत सासूबाई उठल्या, आणि धापा टाकत का होईना, अंतिम रेषेपर्यंत पोचल्या.

तिथे संयोजकांनी सुनेची पिशवी उलटी केली. एकही फीत पडली नाही.

"उद्या जाऊन काढते," सून पुटपुटली. "आईंना खरंच झेपलं नसतं, तर त्यांना परत कसं आणलं असतं?"

सासूबाईंनी बुटाची सैल नाडी आवळली. "मीही येते. उद्या तू पुढे पळायचं, मागे मी."