मूठभर शेवाळ

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमच्या हातात दुकानातली लाल टोपली आहे. टोपलीत तुमच्या हातापेक्षा लांब एक मुळा आहे. टोफूची एक वडी आहे. आणि मुळ्याखाली, वरून दिसू नये असं, वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट आहे. मुळा आणि टोफू आईनं सांगितलाय. शेवाळ नाही.

झालं, तुम्ही दासोम झालात. आता तिच्याबरोबर चला.

कोरियातल्या थोंगयंग शहरातलं हे दुकान दासोमच्या इमारतीच्या अगदी समोर होतं. आज दाराशीच चिकट तांदळाच्या मिठाईच्या डब्यांचा डोंगर रचला होता. प्रत्येक डब्याला लाल फीत. उद्या देशभरातल्या बारावीच्या मुलांची मोठी परीक्षा. ही मिठाई खाल्ली की पोरगं हव्या त्या कॉलेजाला चिकटतं म्हणतात, म्हणून जो तो डबा उचलत होता. दासोमनंही एक उचलला. तोही आईनंच सांगितला होता. कारण तिची ताई, बोरम, उद्या परीक्षेला बसणार होती.

उद्या बोरमचा वाढदिवसही होता. पण आईनं बजावलं होतं, "वाढदिवस रविवारी करू. उद्या त्याचं नावसुद्धा काढायचं नाही."

पास झाली की बोरम सोलला जाणार होती. दोघी बहिणी एका खोलीत, एका पांघरुणात झोपायच्या. समुद्रावरून वारा सुटून खिडकी थडथडायला लागली की दासोम आपले पाय ताईच्या पायांत अडकवायची. पुढच्या वर्षी पाय कुणाच्या पायांत अडकवायचे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा उद्या सकाळी ताईला शेवाळाचं सूप मिळालंच पाहिजे, हे दासोमनं पक्कं ठरवलं होतं. वाढदिवसाला केक एक वेळ नसला तरी चालतो, पण हे सूप नाही म्हणजे वाढदिवसच नाही.

मधल्या रांगेत, लोकांना चव बघायला देणाऱ्या काकू तव्यावर मंडू, म्हणजे मोमोसारखे सारण भरलेले गोळे, परतत उभ्या होत्या.

"ये गं ये, आ कर. अगं, आधी फुंकर मार! जीभ भाजली तर तुझी आई माझ्या नावानं ओरडेल." त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "आणि मुळ्याखाली काय लपवलंयस?"

"शेवाळ."

"अगंबाई, वाढदिवस! कुणाचा?"

"ताईचा."

"आई करणार सूप?"

"मी करणार."

"तू? चुलीपर्यंत हात तरी पोचतो का तुझा?"

"स्टूल आहे," दासोम म्हणाली. "एका माणसाला किती शेवाळ लागतं?"

"मूठभर. पाण्यात पडलं की फुगतं ते. माझ्या सुनेनं पहिल्या वर्षी अख्खं पाकीट ओतलं. माझा मुलगा आठवडाभर तेच पीत होता, बिचारा."

"जास्त घातलं तर काही होतं का?"

"काय व्हायचंय? माया जास्त आहे म्हणतील." काकू हसल्या. "कितवीत आहे गं तुझी ताई?"

दासोमनं आणखी एक मंडू तोंडात कोंबला.

"खूप उंच आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी आईनं पिशवी ओट्यावर रिकामी केली. मुळा निघाला, टोफू निघाला.

"आणि मिठाई?"

"संपली."

"संपली? काय हावरट माणसं आहेत! एकेकानं चार चार उचलले असतील." आई बराच वेळ कुरकुरत राहिली.

डबा दासोमच्या दप्तरात होता, खेळाच्या कपड्यांखाली. शेजारी शेवाळाचं पाकीट.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई मासळी बाजारात कामाला गेली. दार लागल्याचा आवाज आला तशी दासोम उठली, स्टुलावर चढली आणि पाकीट पातेल्यात उपडं केलं. मूठभर नव्हे, सगळं. थोड्या वेळानं झाकण वर उचललं जायला लागलं आणि पातेल्याच्या काठावरून शेवाळ ओल्या केसांसारखं खाली लोंबायला लागलं. तिनं ते परत आत कोंबलं. तिळाचं तेल घातलं, लसूण घातला, बोट भाजून घेतलं, पण रडली नाही.

बोरम जाड जाकीट घालून बाहेर आली तेव्हा टेबलावर काठोकाठ भरलेली वाटी होती.

"हे काय?"

"सूप. तुझ्या वाढदिवसाचं."

बोरमनं वाटीकडे पाहिलं. मग दासोमच्या भाजलेल्या बोटाकडे.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"दासोम, आज परीक्षा आहे गं. परीक्षेच्या दिवशी शेवाळ कुणी खातं का? बुळबुळीत असतं ते. खाल्लं की माणूस घसरतो, नापास होतो. बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. तुला कुणी सांगितलं नाही कधी?"

"सांगितलंय की," दासोम म्हणाली. "म्हणून तर अख्खं पाकीट घातलं."

बोरमनं खुर्ची ओढली, बसली आणि चमचा उचलला.

"गार होईल," ती म्हणाली.

चमचा वाटीत बुडायच्या आत दासोमनं वाटी खस्सकन आपल्याकडे ओढली, तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली. मग हनुवटीवरून ओघळणारं सूप न पुसताच ती धावत जाऊन दप्तर घेऊन आली, खेळाचे कपडे जमिनीवर भिरकावले, डब्याची लाल फीत दातांनी तोडली आणि ताईच्या तोंडात एकदम दोन मिठाया कोंबल्या.