तांब्यावरचं हिरवं

"अहो, तुमच्या त्या लॉकेटवर केवढं हिरवं चढलं होतं! लिंबू-मीठ लावून लख्ख केलंय."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. लॉकेटची तांब्याची कड झगझगत होती, आणि मधला मॅलाकाइटचा दगड पार भुरका पडला होता. जन्मभर त्याने दगडांना झिलई दिली. महिन्यापूर्वी हाताची थरथर वाढली तेव्हा काम बंद केलं, पण हा एक दगड लेकीसाठी पुरा करूनच. लेक चार वाजता येणार होती. आता तीन वाजले होते.

"थर नव्हता गं तो! दगडच हिरवा आहे."

म्हातारीचा चेहरा पडला. "मला मेलीला काय ठाऊक? तांब्यावर हिरवं दिसलं की हात शिवशिवतात माझे."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "तशी फार नाही चुकलीस. तांब्यातूनच होतो हा दगड. भांड्यावर चढतं तसलंच हिरवं, डोंगराने सावकाश केलेलं. मऊ असतो बिचारा. आंबट लागलं की झिलई गेलीच."

"मग परत घासा ना."

त्याने नुसता हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

तिने त्याच्या खोक्यातला पॉलिश पेपर ओढून घेतला. "सांगा कसं ते."

"आधी पाणी घे. कोरडा घासू नकोस, त्याची धूळ वाईट. अगं, हलक्या हाताने! कढई आहे का ती?"

"ओरडू नका. नीट सांगा."

मग बारीक पेपर, त्याहून बारीक, शेवटी चामड्याचा तुकडा. तिचे खांदे भरून आले. भुरक्या दगडातून एकेक हिरवं वळण वर आलं. फिकं, गडद, पुन्हा फिकं. "अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. इतकी वर्षं हा माणूस हे बघत बसायचा होय! जेवायला चार-चार हाका का माराव्या लागायच्या, ते तिला आज कळलं.

लेक आली आणि लॉकेट गळ्यात घालून थेट आरशापुढे गेली. "बाबा, तुमचा हात काही लपत नाही हं!"

म्हातारीने नवऱ्याकडे बघून डोळे वटारले. एक शब्द बोलाल तर बघा.

"हात लपत नाही हे खरं," म्हातारा म्हणाला. "तो बघ, तिकडे आई फडक्याला पुसतेय."