लाल दिवा

शालनताई धुमाळांच्या टेबलावरचा दिवा पंधरा वर्षांत एकदाही लाल झाला नव्हता. वादसभेत उमेदवार जाणूनबुजून खोटं बोलला की दिवा लाल, खरं बोलला की हिरवा. कायदाच होता तसा.

विरोधातले इंगवले उठले. “यांचं पोरगं तापानं फणफणून गेलं, तेव्हा या बाई प्रचारात होत्या. या काय तालुका सांभाळणार?”

त्यांचा दिवा हिरवा लागला. इंगवलेच वरमले. “ताई, राहू द्या, उत्तर नका देऊ.”

पण पहिल्या रांगेत ताईंचे यजमान रंगनाथराव बसले होते, मांडीवर ताईंच्या घशासाठी आणलेला काढ्याचा थर्मास घेऊन. त्यांच्याकडे बघत ताई म्हणाल्या, “सासूबाईंचा फोन आला होता. पण पोर इतकं आजारी आहे, हे मला कळलंच नव्हतं.”

पोर गेल्यापासून अकरा वर्षं रंगनाथराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आले होते.

दिवा लाल झाला.

रंगनाथरावांनी थर्मास खुर्चीवर ठेवला आणि ते मागं न बघता निघून गेले.

“पुढचा प्रश्न, पाणीयोजना,” निवेदक म्हणाला.

ताई बोलत राहिल्या. दिवा शेवटपर्यंत हिरवाच होता.