मागची टाकी

काटा म्हणत होता, भरलेली आहे. लॉरी म्हणत होती, नाही.

महादेवप्पानं पुन्हा स्टार्टर मारला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. नळेगाव अजून पुढं, लातूर त्याच्याही पुढं, आणि पाठीवर भुईमुगाची पोती.

"झालं?" मधे बसलेला रामकिशन म्हणाला. "वहिनी, बोली ध्यानात हाय न्हवं? मालासकट आपल्या बळावर लातूर गाठलं तर गाडी तुमची. न्हाई तर विकायची. गिऱ्हाईक मोंढ्यात बसून राहिलंय."

वहिनी म्हणजे खिडकीशी बसलेली केवळाबाई. लॉरी तिच्या नवऱ्याची. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून त्यानं आणलेली. त्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

*चावी पाहा.*

मनानं सांगितलं तशी पाहिली. पुढची टाकी संपली तेव्हा सीटखालची पेट्रोलची चावी महादेवप्पानंच मागच्या टाकीवर फिरवली होती. फिरवताच काटा वर गेला. गाडी थोडी पळाली आणि अडली. चावी बरोबर होती.

*काट्याचं ऐकू नका. काडी घाला.*

मागच्या टाकीचं झाकण फिरवलं तशी आतून फस्स झालं. रस्त्याकडच्या कुपातली तुराटीची काडी त्यानं आत सोडली. वर आली ती पार ओली. काटा खरं बोलत होता. झाकण लावून स्टार्टर मारला, तर गाडी मुकाट सुरू.

एक माळ ओलांडला. पुन्हा खोकला.

"काल खंडेनवमीला बोनेटची पूजा मी केली," रामकिशन म्हणाला. "नारळ मी फोडला. वहिनीला जवळ सुदिक येऊ दिलं न्हाई. रांडमुंड बाईचं हळद-कुंकू गाडीला कशाला? तरी ही अशी!"

केवळाबाई खाली उतरली.

*फस्स का झालं?*

टाकीला श्वास घ्यायला झाकणात एक बारीक भोक असतं. ते बुजलं की आत हवा जात नाही, हवा नाही म्हणून पेट्रोल सुटत नाही. झाकण उघडलं की श्वास. लावलं की पुन्हा गळा आवळलेला.

महादेवप्पानं झाकण उन्हात धरलं. वर तेलात कालवलेलं हळद-कुंकू थापलं होतं. जाड. धनी असताना दर खंडेनवमीला टाकीला बोट लावायचा, पण भोक सोडून. रामकिशनला तर टाकीला काही लावतात हेच ठाऊक नव्हतं.

त्यानं मान वर केली. केवळाबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला होता. पदर धरलेल्या बोटाचं नख पिवळं होतं.

"काय घावलं रे?" रामकिशन उतरू लागला.

महादेवप्पानं अंगठ्यानं झाकण साफ पुसलं, तारेनं भोक मोकळं केलं.

"धूळ व्हती, मालक."

"अंगठा लाल दिसून राहिला तुझा."

"आमच्या उदगीरची माती लालच की."

रामकिशन अंगठ्याकडं बघतच राहिला. तेव्हा महादेवप्पानं तो अंगठा स्वतःच्या कपाळाला टेकवला, भस्माच्या पट्ट्यांखाली, आणि गाडीला हात जोडले.

"चला. बसा."

*स्टार्टर.*

नळेगावच्या नाक्यावर पोलिसांच्या अमीनसाहेबानं पेट्रोलचं परमिट पाहिलं, ड्रायव्हरचं कपाळ पाहिलं, आणि जाऊ दिलं.

लातूरच्या मोंढ्यात लॉरी आपल्या बळावर शिरली. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते जुळवत रामकिशन अडतीकडं गेला. केवळाबाई लॉरीला वळसा घालून मागच्या टाकीपाशी आली. झाकणावरून तिनं एकदा हात फिरवला.

"महादेवप्पा."

"जी, अक्का."

"पुढल्या साली भोक सोडून लावीन."