दहा मिनिटांचा बोर्ड

"यातला सगळ्यात स्वस्त कोणता?" देवरावानं विचारलं.

काउंटरवर तीन बोर्ड मांडले होते. सीताबर्डीच्या त्या दुकानात शरच्चंद्र रेडिओचे सुटे भाग विकायचे. १९८६च्या उन्हाळ्यात त्यांनी हौशी लोकांसाठी पुण्याहून मायक्रोप्रोसेसरचे बोर्ड मागवले होते. उघडी हिरवी पाटी, तिच्यावर कॅल्क्युलेटरसारख्या कळा आणि लाल आकडे. सांगाल ते काम, सांगाल तितका वेळ करणार. नागपुरात तेव्हा फार थोड्यांनी असं काही पाहिलं होतं.

"हा मोठा कॅसेटवर प्रोग्रॅम साठवतो. मधल्यात बॅटरी आहे, तो लक्षात ठेवतो. हा तिसरा कॉलेजातून परत आलेला, सहाशेला देईन. पण वीज गेली की हा सगळं विसरतो."

"विसरला तर बरंच हाये," देवराव हसला. "कूलरच्या पंपाले लावाचा हाये. कळ दाबली का चालू, दहा मिनिटांनी आपोआप बंद. लिहून द्या."

शरच्चंद्रांनी प्रोग्रॅम कागदावर उतरवला. मिनिटांच्या जागी दहाचा आकडा, आणि चाचणीसाठी दोनचा व पाचचाही लिहून दिला. "याची मोजणी आपल्यासारखी नाही हं. नऊनंतर ए, बी, सी येतात. दहाला ए. सरळ एक-शून्य दाबलंत, तर तो सोळा समजेल."

देवराव बोर्ड उलटा करून सोल्डरचे जोड तपासत होता. "वीस वर्षांपासून मोटारी दुरुस्त करून राहिलो, भाऊ. मले नका शिकवू. इंग्रजी अक्षरं या माह्या बायकोले येतात, मॅट्रिक हाये ते. वाचून दाखवंन."

शरच्चंद्रांनी मागे उभ्या असलेल्या ताराकडे पाहिलं. "ताई, डोळ्याला काय झालं?"

"कूलरचं झाकण लागलं," ती म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

गणेशपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत झाकणं, दारं, लाटणी असं बरंच काही ताराला लागत असे. बापानं उमरेडची जागा तिच्या नावावर ठेवली होती आणि जागेच्या कागदावर सही दे म्हटलं की ती उठून चुलीपाशी जायची. होळीला देवरावानं तिची बरगडी मोडली. तरी सही झाली नाही. तेव्हापासून त्यानं सही मागणं सोडून दिलं. तारा गेली की जागा त्याचीच होती.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीतली एक बाई कूलरमध्ये पाणी भरताना गेली होती. पोलिसांनी पंचनामा केला, चहा घेतला आणि गेले. लोक म्हणाले, कूलरनं घेतलं. विषय संपला. देवरावाला फक्त स्वतः चौघांच्या नजरेसमोर बसायचं होतं. आणि परत येईपर्यंत करंट बंद व्हायला हवा होता, म्हणजे बोर्ड आणि वायर काढून घेता आली असती.

त्यानं आधी बल्ब जोडून पाहिला. तारा वाचत होती, तो कळा दाबत होता. दोन मिनिटांनी बल्ब विझला.

"आता पाचचं वाच."

"शून्य, पाच."

"पाच हाये तर पाच म्हण ना वं. शून्य कायले घुसवून राहिली?"

"अहो, पण त्या दुकानवाल्यानं सांगतलं होतं का..."

देवरावानं वायरी जोडायचा तापलेला सोल्डरिंग आयर्न उचलला आणि तिच्या मनगटावर टेकवला. तिनं हात ओढला तेव्हा कातडी तिथेच चिकटून राहिली. त्यानं तिचे केस धरून तोंड कागदावर दाबलं.

"मले शिकवाचं नाही. मिनिटं जेवढी असतीन, तेवढी सांगाची. समजलं?"

"समजलं."

"किती?"

"पाच."

पाच मिनिटांनी बल्ब विझला.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा देवरावानं बल्ब काढला. बोर्डापासून निघालेली लाल वायर पंपाकडे न जाता कूलरच्या पत्र्याला जोडलेली होती. हे काम त्यानं सकाळीच उरकलं होतं, तारा झाडू मारून चुलीपाशी गेल्यावर. मग त्यानं तिला हाक मारली. मनगटाला चिंधी बांधलेली तारा कागद घेऊन आली, तिनं लाल वायरकडे एकदा पाहिलं आणि ती एकेक अक्षर वाचू लागली.

"मिनिटं किती?"

"दहा."

त्यानं कळा दाबल्या. "मनगट काहून धरून राहिली?"

"दुखते."

"दुखू दे. मी पान खाऊन येतो. कूलरमंधी पाणी टाक, आत्ताच. आल्यावर हवा थंडी पाहिजे."

त्यानं शेवटची कळ दाबली, घड्याळ पाहिलं आणि समोरच्या नत्थूच्या पानठेल्यावर जाऊन बसला.

"काय देवराव, आज कामावर नाही?" नत्थूनं विचारलं.

"कंटाळा आला गा."

तेवढ्यात घरातून बादली आपटल्याचा आवाज आला. नत्थूनं मान वर केली.

"बायकोच्या हातात काही टिकत नाही," देवराव म्हणाला. तो सावकाश पान चघळत राहिला. दहा मिनिटं झाली. त्यानं अजून दोन जाऊ दिली, मग उठला.

सवयीनं त्यानं रबरी चपला दाराशी काढल्या. बादली आडवी होती, कूलरपाशी पाणी साचलं होतं. तारा उंबऱ्याजवळ कोरड्या फरशीवर पालथी पडली होती. त्यानं पायानं तिला ढोसलं. ती हलली नाही. तिला ओलांडून तो पाण्यात उतरला आणि मागची वायर काढायला एक हात कूलरच्या पत्र्यावर टेकवला.

त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. हात पत्र्याला चिकटला, दातांत जीभ सापडली, पानाचा आणि रक्ताचा लाल ओघळ सदऱ्यावर उतरला. अंग बराच वेळ थडथडत होतं. मग गुडघे वाकले.

तारा उठून बसली. मागे सरकून तिनं भिंतीला पाठ टेकली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. अजून तीन मिनिटं जायची होती. सोळावं संपल्यावर तिनं बोर्डाची पिन काढली. लाल आकडे विझले. वायर गुंडाळून तिनं गव्हाच्या डब्यात खुपसली, बोर्ड त्याखाली ठेवला, मिनिटांच्या जागी ए लिहिलेला शरच्चंद्रांचा कागद चुलीत सारला, आणि मग दार उघडून शेजारच्या दाराकडे ओरडली,

"कांताबाई, धावा वं. कूलरनं घेतलं यायले."